शंकरपाळीच्या चार बाजू

मी एक जुनं कातणं आहे, मित्रांनो. करंजीची कडा कातणारं, शंकरपाळ्या पाडणारं, पितळेचं. एका टोकाला दातेरी चाक आणि दुसऱ्या टोकाला धरायला नक्षीची मूठ, एवढाच माझा संसार. व्याकरणाच्या पुस्तकात मला 'ते' म्हणतात. पण माझा सगळा जन्म बायकांच्या हातात आणि बायकांच्या गप्पांत गेला, त्यामुळे मी आपली स्वतःला 'ती' समजते. कुणाला खटकत असेल तर त्यानं खुशाल खटकून घ्यावं.

माझा जन्म साताऱ्याचा. एका म्हाताऱ्या तांबटानं मला ओतलं, कानशीनं माझे दाते काढले आणि दुकानात मांडण्याआधी ओल्या मातीच्या थापटीवर फिरवून पाहिलं. रेघ सुतासारखी सरळ गेली. तेव्हापासून मला माझ्या चालीचा थोडा गर्व आहे. थोडा म्हणते, तो विनय म्हणून.

मला विकत घेतलं शोभाताईंनी. त्यांच्या साताऱ्यातल्या गल्लीत दिवाळी आली की मला एका घरी थारा नसे. सकाळी या वाड्यात, दुपारी त्या चाळीत, आणि संध्याकाळी शोभाताई दारात उभ्या राहून विचारायच्या, "माझं कातणं कुणाकडे अडकलंय?" काय ते दिवस होते. पुढे त्यांच्या लेकीचं, हेमाचं लग्न झालं आणि रुखवतातून मी हेमाच्या संसारात आले. हेमाचे यजमान माधवराव केंद्र सरकारच्या एका तपासणी खात्यात अधिकारी. कारखान्यातून आलेल्या वस्तू मापात आहेत की नाहीत ते पाहायचं, आणि नसतील तर परत पाठवायच्या. माणूस तसा देवमाणूस, पण परत पाठवायची सवय घरातही सुटत नाही. हेमाच्या माहेरची माणसं तेवढी त्यांनी अजून परत पाठवलेली नाहीत.

बदलीची नोकरी. नागपूर झालं, भोपाळ झालं. मी आपली वर्षभर खणात पडून, लिंबू पिळायच्या यंत्राशेजारी आणि मेलेल्या सेलांच्या संगतीत. दिवाळीत चार दिवस बाहेर यायचं, राबायचं, आणि पुन्हा अंधारात. कुणी धुऊन नीट पुसायचंसुद्धा नाही. माझ्या चाकाच्या खिळ्यात भोपाळच्या दिवाळीचा मैदा कोलकात्याला येईपर्यंत तसाच होता. मी काही बोलले नाही. बोलून सांगते कुणाला.

आता माझं काम कसं चालतं ते ऐका, म्हणजे पुढची गंमत कळेल. गोल पोळीवर आधी एका दिशेनं समांतर रेघा मारायच्या. मग पोळपाट जरासा फिरवायचा आणि त्या रेघांना छेदणाऱ्या दुसऱ्या समांतर रेघा मारायच्या. रेघा दोन्हीकडून समांतर, म्हणून प्रत्येक तुकड्याच्या समोरासमोरच्या बाजू समांतर आणि मापानंही सारख्या. एवढं आपोआप होतं, त्याला कुणाची हुशारी लागत नाही. पण चारही बाजू एकमेकींएवढ्या होणं मात्र आपोआप होत नाही. ते हात मारणारीवर असतं. हेमा पहिल्या रेघा दोन बोटांचं अंतर धरून नेटक्या मारायची. तोवर कढईतल्या तुपातून धूर यायला लागलेला असायचा, मग दुसऱ्या रेघा अंदाजपंचे. चवीत फरक पडत नसे, त्यामुळे आजवर कुणी तक्रार केली नव्हती.

या वर्षी आम्ही कोलकात्याजवळ बराकपूरला आलो. माधवरावांचं ऑफिस सियालदहपाशी, ते सकाळी लोकलनं जायचे आणि दिवेलागणीला यायचे. हेमाला भाजीवाल्याशी बंगालीत घासाघीस करायला पंधरवडासुद्धा लागला नाही. अडचण झाली ती त्यांच्या लेकीची, जान्हवीची. ती चौथीत. घरात तिची जीभ माझ्या चाकापेक्षा जोरात फिरते, पण नव्या शाळेत पोरीच्या तोंडाला कुलूप. सगळा वर्ग मधल्या सुट्टीत बंगालीत चिवचिवणार, हिला अर्धं कळणार, उत्तर जुळवेपर्यंत विषय बदललेला असणार. हजेरीला 'प्रेझेंट मिस' म्हणायचं, तेवढीच तिची दिवसभराची वाणी. एकच मैत्रीण, बाकावर शेजारी बसणारी श्रीपर्णा. ती दोघींच्या वाटचं बोलायची, म्हणून बरं चाललं होतं.

पुजोची, म्हणजे तिथल्या दुर्गापूजेची, आणि दिवाळीची सुट्टी संपली, आणि त्यांच्या मौसुमी मिसनी वर्गात चार बाजूंचे आकार शिकवायला घेतले. चौरस, आयत, झालंच तर समभुज चौकोन, ज्याला जान्हवीच्या शाळेत रॉम्बस म्हणतात. मिसनी विचारलं, रॉम्बस तुमच्या घरात कुठे दिसतो? आणि आमच्या पोरीचा हात वर गेला. कसा गेला ते तिलाही कळलं नाही. उभी राहून ती इंग्रजीत म्हणाली, "माझी आई रॉम्बस करते. तुपात तळून."

वर्ग खो खो हसला, पण मिस खूश झाल्या. म्हणाल्या, उद्या डबाभर घेऊन ये. शिवाय शनिवारी शाळेत आकारांची जत्रा होती. दोघादोघांच्या जोडीला एकेक टेबल, आईवडील बघायला येणार. रॉम्बसचं टेबल मिसनी तिथल्या तिथे जान्हवी आणि श्रीपर्णाला देऊन टाकलं. त्या दिवशी पोरगी घरी आली ती उड्या मारतच.

दुसऱ्या दिवशी मात्र दप्तर टाकलं आणि सरळ स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून रडायला लागली.

"अगं काय झालं? डबा सांडला का?" हेमानं विचारलं.

"सांडला नाही. मोजला."

झालं होतं असं. मिसनी फळ्यावर लिहिलं, रॉम्बस म्हणजे ज्याच्या चारही बाजू सारख्या तो चौकोन. मग प्रत्येकाला एक शंकरपाळी आणि एक पट्टी दिली. वर्गभर मोजामोजी झाली आणि एकाही शंकरपाळीच्या चार बाजू जुळेनात. कुणी म्हणालं ही तर आमची खारी निमकी, फक्त गोड. कुणी म्हणालं हिच्या आईला रॉम्बस येत नाही. मिस समजूतदार, त्या म्हणाल्या, यातले बरेचसे समांतरभुज चौकोन आहेत, समोरासमोरच्या बाजू सारख्या आहेत, तेही काही कमी नाही. मग वर्गानं सगळ्या शंकरपाळ्या फस्त केल्या. मोजणीत हरलो ते हरलो, वर पुरावाही खाऊन टाकला.

"मिस म्हणाल्या, शनिवारी सगळ्यांसमोर खरे रॉम्बस करून दाखवता आले तर टेबल तुमचं. नाहीतर ते दुसऱ्या जोडीला, आणि आम्ही दोघींनी दारात उभं राहून पाहुण्यांना नमस्कार करायचा. श्रीपर्णा म्हणाली, माझ्यामुळे ती दारात उभी राहणार नाही. ती जागा बदलून घेणार आहे." जान्हवीनं नाक पुसलं. "मी आता वर्गात परत कध्धीच बोलणार नाही."

मित्रांनो, शंकरपाळी वाकडी निघाली त्याचं मला काही नाही. पण हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि माझं पितळ गार पडलं. महिनोन्महिने गप्प राहिलेल्या पोरीनं एकदा तोंड उघडलं होतं, आणि ते आम्ही बंद करून ठेवलं होतं. हेमालाही ते लागलं असणार. पण तिचा राग नेहमी आधी भलत्याच जागी निघतो.

"खायला दिल्या होत्या की मोजायला?" ती म्हणाली. "तुझ्या मिसना म्हणावं, आमच्याकडे शंकरपाळी खुसखुशीत आहे का ते बघतात."

संध्याकाळी माधवराव आले. त्यांना हकीकत कळली आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं तेज आलं, जणू खात्यानं बढती दिली. हातपाय धुतले न धुतले, त्यांनी कपाटातून आपला व्हर्नियर कॅलिपर काढला. लोखंडाच्या कांबी मोजायचं ते यंत्र. उरलेल्या शंकरपाळ्या वर्तमानपत्रावर मांडल्या आणि एकेक चिमट्यात धरून मोजली. मग जान्हवीला म्हणाले, "सगळा माल नापास."

"अहो, तो फराळ आहे," हेमा म्हणाली.

"फराळ असला म्हणून काय झालं? दोष हत्यारात आहे. हे कातणं वाकडं चालतं."

वाकडं. मी. जिची रेघ बघून साताऱ्याच्या तांबटानं मान डोलावली होती, ती मी. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. माझ्या जागी दुसरी असती तर तिथल्या तिथे ओट्यावरून उडी मारून त्यांच्या अंगठ्यावर पडली असती. मी मात्र मोठ्या मनानं गप्प बसले, कारण मला उडी मारता येत नाही.

माधवरावांनी मोबाइलवर काहीतरी दाबलं आणि दोन दिवसांत खोक्यातून एक नवं यंत्र आलं. पाच चाकांचं. एका दांडीत पाच चाकं, मधे चापांची जाळी. ओढलं की चाकं लांब जातात, दाबलं की जवळ येतात, आणि एका फटक्यात चार पट्ट्या, सगळ्या एका मापाच्या. चकचकीत पोलाद. माझ्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. मला खणात टाकलं, पण घाईत खण अर्धा उघडा राहिला, त्यामुळे पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, या गड्याचा एक तासही झाला नाही.

हेमानं मैदा मळला. माधवरावांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या, जान्हवीला शेजारी उभं केलं आणि व्याख्यान सुरू केलं. "हे बघ, समभुज चौकोन म्हणजे तिरका. सरळ असला की चौरस, तिरका असला की समभुज. एवढं लक्षात ठेवलंस की झालं." मग यंत्र फिरवलं. पहिल्या पट्ट्या सुरेख पडल्या. दुसऱ्या दिशेला पोळी थोडी रुंद होती, कडेला पीठ वाया जायला लागलं. माधवरावांना वाया गेलेलं बघवत नाही. त्यांनी यंत्र जरासं ओढून रुंद केलं आणि तिरकं फिरवलं.

तुकडे पडले, आणि खरं सांगते, दिसायला अगदी देखणे. एकासारखा एक. माधवराव कमरेवर हात ठेवून म्हणाले, "याला म्हणतात माल."

जान्हवीनं पट्टी लावली. एका तुकड्याला, मग दुसऱ्याला. "बाबा, हे सगळे पॅरलेलोग्राम आहेत. दोन बाजू तीन सेंटीमीटर आणि दोन बाजू साडेतीन."

"असं कसं? सगळे एकसारखे आहेत."

"एकमेकांसारखे आहेत. पण त्यांच्या स्वतःच्या बाजू सारख्या नाहीत. तू मधेच ते ओढलंस ना."

मी खणात बसून 'शाबास' म्हटलं. ऐकू कुणालाच गेलं नाही, ते जाऊ द्या. माधवराव म्हणाले, तळल्यावर बरोबर होतील. तळल्या. घाईत पोळी पातळ लाटली गेली होती, म्हणून तुपात पडल्या पडल्या त्या टम्म फुगल्या आणि कुणालाच बाजू म्हणून उरली नाही. कॅलिपरच्या चिमट्यात धरायला गेले तर भुगा झाला. हेमा पदराला तोंड लावून हसत होती. आता माधवरावांनी हट्टच धरला. म्हणाले, कोन साठ अंशांचाच हवा, आणि जान्हवीच्या कंपासपेटीतला त्रिकोणी गुण्या आणायला गेले. तोवर त्या पाच चाकांच्या पैलवानाच्या चापांमध्ये मैदा जाऊन बसला. दोन चाकं फिरेनात, बाकीची पोळीला घेऊनच चालायला लागली. शेवटी पोळी गोळा होऊन त्याच्या पोटात गेली.

"हे परत पाठवतो," माधवराव म्हणाले.

जान्हवी हसली नाही. जत्रा दुसऱ्याच दिवशी होती. ती खणाशी आली आणि तिनं मला उचललं. तिनं आईला विचारलं, "तू कशी करतेस? नेहमीसारखी करून दाखव."

"मी काय करणार, दोन बोटं ठेवते आणि रेघ मारते," हेमा म्हणाली. बोटं ठेवून तिनं एक, दोन, तीन रेघा मारून दाखवल्या. मग पोळपाट फिरवला आणि सवयीप्रमाणे हात सोडला.

"आता बोटं का नाही ठेवत?"

"दुसऱ्या खेपेला कोण ठेवत बसतं? तूप तापतंय."

जान्हवीनं दोन्ही खेपांच्या पट्ट्या बोटांनी मापून पाहिल्या. मग तिनं ती पोळी मोडली, नवी लाटली आणि स्वतःची दोन बोटं टेकवून पहिल्या रेघा मारल्या. पोळपाट फिरवून पुन्हा तीच दोन बोटं टेकवली आणि दुसऱ्या रेघा मारल्या. गुण्या नाही, कोन नाही, काही नाही. मी जीव तोडून सरळ धावले. पट्टी लावली, तर चारही बाजू जुळल्या. तिनं दुसरी पोळी घेतली आणि मुद्दाम खूप तिरकं कापलं. तुकडे लांबुडके, टोकदार, पण चारही बाजू सारख्याच. तिसरी जरा कमी तिरकी. तुकडे बसके झाले, बाजू आखूड झाल्या, आणि तरी चारही सारख्याच.

"दोन्हीकडून पट्टी एवढीच रुंद पाहिजे, बस," ती म्हणाली. "कितीही फिरवलं तरी चालतं."

माधवरावांनी कॅलिपर लावला. "यात अर्ध्या मिलिमीटरचा फरक आहे."

"अहो, मैदा आहे तो, रेल्वेचा रूळ नाही," हेमा म्हणाली. मग तिनं ते तुकडे तळून डब्यात भरले, मला धुतलं, टाचणीनं माझ्या खिळ्यातला भोपाळचा मैदा काढला आणि कोरड्या फडक्यात गुंडाळून जान्हवीच्या दप्तरात ठेवलं. त्या पैलवानाला टबात भिजत घातलं.

शनिवारी मी जन्मात पहिल्यांदा शाळा पाहिली. मोठा हॉल, रंगीत कागद, आणि टेबलाटेबलाला आईबाप चिकटलेले. आमच्या शेजारच्या टेबलावर चौरसवाले, दोन गुबगुबीत मुलगे. कॅरमबोर्ड आणि रुमाल मांडून बसले होते, पण त्यांच्याकडे फारसं कुणी फिरकत नव्हतं. आमच्याकडे मात्र ही गर्दी, कारण आमच्याकडे पोळपाट होता. जागा बदलायचं शनिवारपर्यंत लांबवून श्रीपर्णा लाटायला उभी राहिली. घरी लुच्या, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, लाटायची सवय, पोळी गरगरीत झाली. ती गर्दीशी बोलतही होती, हसतही होती. आणि आमची जान्हवी मला मुठीत धरून उभी. समोर मौसुमी मिस, मागे हेमा, आणि उजव्या खांद्याशी खेटून माधवराव.

तिनं बोटं टेकवली आणि पहिल्या रेघा मारल्या. छान गेल्या. मग पोळपाट फिरवला. भीतीनं हात गेला तो गेलाच, आणि पोळपाट पाव फेरा फिरला. तिच्या ते लक्षात आलं नाही. तिनं बोटं टेकवून रेघा मारल्या, श्रीपर्णानं सुटे तुकडे उचलून ताटलीत मांडले, आणि दोघींनी ताटलीकडे पाहिलं. ताटलीत सगळे चौरस होते.

"हे तर स्क्वेअर झाले," श्रीपर्णा हळूच म्हणाली. शेजारचे चौरसवाले लगेच पुढे सरसावले. हे आमचे आहेत, आमच्या टेबलावर ठेवा, म्हणून ताटलीला हात घातला. मागून कुणीतरी हसलं. मिस म्हणाल्या, "हरकत नाही, जान्हवी, पुन्हा कर." आणि माधवराव तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "जानू, हे चालणार नाही. मोडून टाक. तिरकं कर, तिरकं."

मला वाटलं, संपलं. आता ही मला खाली ठेवणार, तोंड मिटणार, आणि ते पुन्हा उघडायला कोणती बदली लागेल ते देव जाणे. मूठ सैल झालीही होती. मग तिनं दुसऱ्या हातानं पट्टी उचलली आणि एका तुकड्याच्या चारही बाजू मोजल्या. सावकाश, सगळे बघत असताना. मग चौरसवाल्यांच्या हातातली ताटली आपल्याकडे ओढून घेतली.

"हे आमचेच आहेत," ती म्हणाली. "हे पण रॉम्बस आहेत."

ती अर्धं इंग्रजीत आणि अर्धं हिंदीत बोलत होती, मी तुम्हाला आपलं मराठीत सांगते. मिसनी विचारलं, ते कसं काय? जान्हवी म्हणाली, "तुम्ही फळ्यावर लिहिलं होतं, चारही बाजू सारख्या तो रॉम्बस. तिरका पाहिजे असं लिहिलं नव्हतं. हे मोजा. सारख्या आहेत."

"आणि रॉम्बसच्या बाकीच्या गोष्टी?" मिसनी विचारलं. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं होतं, ते मी मुठीतूनही पाहिलं.

"त्या पण आहेत. समोरच्या बाजू समांतर आहेत. समोरचे कोपरे सारखे आहेत." मग तिनं मला घट्ट धरलं आणि त्या तुकड्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मला चालवलं, आणि पुन्हा उरलेल्या एका कोपऱ्यापासून त्याच्या समोरच्यापर्यंत. दोन्ही रेघा बरोबर मधोमध आणि काटकोनात छेदल्या. चार तुकडे झाले. ते तिनं एकावर एक ठेवले, तर एकही बाहेर डोकावेना. "रॉम्बसमध्ये असंच होतं. यात पण झालं. मग हा रॉम्बस का नाही?"

मधे बोलले ते माधवराव. नापास केलेला माल पास होताना त्यांना बघवत नाही. "अगं पण जानू, त्याला चौरस म्हणतात."

जान्हवी वळली. आता ती मराठीत बोलली, आणि घरात बोलते त्या आवाजात बोलली. "बाबा, ऑफिसात तुला साहेब म्हणतात ना? म्हणून तू माझा बाबा नाहीस का?"

हेमाला हसू आवरेना. मिसना मराठी येत नाही, त्यांनी विचारलं, काय म्हणाली? श्रीपर्णालाही येत नाही, पण तिनं काहीतरी जुळवून बंगालीत सांगितलं आणि सगळा हॉल हसला. माधवरावांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, खिशातला कॅलिपर काढला, आणि एक तुकडा मोजला. मग म्हणाले, "पास." मी त्यांना त्या दिवशी वाकडेपणाच्या आरोपासकट सगळं माफ केलं.

पण चौरसवाले काही कमी नव्हते. त्यातला एक म्हणाला, मग तुमचे सगळे रॉम्बस आमचे स्क्वेअर. द्या सगळे. जान्हवीच्या डब्यात आदल्या दिवशी तळलेल्या तिरक्या शंकरपाळ्या होत्या, त्याचा डोळा खरा त्यांच्यावर. जान्हवीनं घाईनं झाकण लावलं.

"नाही. माझा बाबा साहेब आहे, पण सगळ्यांचे बाबा साहेब नसतात. स्क्वेअरला चारही कोपरे काटकोनी लागतात. यांचे बघ, दोन टोकदार आहेत आणि दोन पसरट. हे आमच्यात बसतात, तुमच्यात नाही." मग झाकण जरा उघडून म्हणाली, "पण खायला देईन."

तेवढ्यावर तह झाला. दोन्ही टेबलं एकमेकांना जोडली, चौरसवाले पाहुण्यांना ओरडून बोलवायला लागले, आणि श्रीपर्णा लाटून लाटून दमली. आमची पोरगी सरळ कापून दाखवत होती, तिरकं कापून दाखवत होती, आणि प्रत्येक आलेल्याला पहिल्यापासून सगळं समजावत होती. कुणीतरी आजोबा तर केवळ सुटका व्हावी म्हणून 'हो हो, रॉम्बसच' म्हणत होते. त्या दिवशी मी जेवढी फिरले तेवढी साताऱ्याच्या गल्लीतही फिरले नव्हते. माझं चाक गरम झालं, पण मी हूं की चूं केलं नाही.

आता माझं ऐका, मित्रांनो. घरात एखादं जुनं कातणं असेल तर त्याला काम झाल्यावर धुवा, खिळ्यातला मैदा टाचणीनं काढा आणि कोरडं करून ठेवा. सेलांच्या शेजारी ठेवू नका, ते फार कंटाळवाणे असतात. आणि घरात एखादं गप्प मूल असेल, आणि चारचौघांत त्यानं काही वेगळं केलं, तर त्याच्या कानाशी लागून 'असं नको, तसं कर' म्हणायच्या आधी त्याच्या हातात पट्टी द्या. मोजू दे त्याला. चुकलं असेल तर त्याचं त्याला दिसेल. आणि नसेल चुकलं, तर तुम्हाला दिसेल.

परवा शाळेतून हेमाला बोलावणं आलं होतं. तक्रार अशी की जान्हवी वर्गात फार बोलते. बंगालीत बोलते, चुकीचं बोलते, आणि थांबत नाही. हेमानं ओट्याशी उभं राहून ती तक्रार साताऱ्याला शोभाताईंना फोनवर सांगितली. सांगून झाल्यावर त्यांनी 'पुन्हा सांग' म्हटलं असावं, कारण तिनं हसत डोळे पुसले आणि ती पहिल्यापासून पुन्हा सांगायला लागली.